स्कॅरॅबच्या पोटावरचे प्राणी : सिंह, मगर, मासा तिथे कशासाठी?

सोनचाफा
इजिप्तच्या स्कॅरॅबचं, म्हणजे भुंगेऱ्याच्या आकाराच्या छोट्या ताइताचं, नाव काढलं की सगळे पाठीबद्दल बोलतात. शेणाचा गोळा ढकलत नेणारा भुंगेरा, तो गोळा म्हणजे सूर्य, आणि भुंगेरा म्हणजे खेप्री, सकाळी उगवणारा सूर्यदेव. बरोबरच आहे ते. पण हा ताईत उलटा करून पोटाकडची सपाट बाजू बघितलीत का कधी? दीड-दोन सेंटीमीटरची लंबगोल जागा, आणि तेवढ्यात कुणीतरी साडेतीन हजार वर्षांपूर्वी मगरीच्या वर उभा राहिलेला सिंह कोरलाय, मागे वळून बघणारं हरण कोरलंय, फणा काढलेले नाग, विंचू, पाणघोडा, ससाणा, कमळाच्या देठाशेजारी मासा. मला या पोटावरच्या प्राण्यांनी सध्या अक्षरशः झपाटलंय.

माझं मत असं की ही नुसती नक्षी नाही. ज्याने तो ताईत अंगावर घातला त्याला ज्याची भीती होती किंवा ज्याचं बळ हवं होतं तो प्राणी त्याने निवडला. राजांच्या स्कॅरॅबवर पानंच्या पानं लिहिली जातात, पण हे साध्या माणसांचे, कुणाचंही नाव नसलेले स्कॅरॅब जास्त बोलके आहेत असं मला वाटतं. तुमचं काय म्हणणं?

रानवारा
पाठीवर एक जनावर, पोटावर दुसरं. एकात दोन! झकास धागा, वाचतोय.

मातीतला
चांगला विषय. पण थोडा विरोध करतो. स्कॅरॅब ताईत होता तसाच शिक्काही होता हे विसरून चालणार नाही. भुंगेऱ्याच्या आकाराचे ताईत इजिप्तच्या 'जुनं राज्य' या कालखंडाच्या शेवटाकडे दिसायला लागतात, आणि मध्य राज्यात, म्हणजे इ.स.पू. २००० नंतर, त्यांचा शिक्का म्हणून वापर जोरात सुरू होतो. पेटीला, रांजणाला, खोलीच्या दाराला दोरी बांधायची, गाठीवर ओल्या मातीचा गोळा लावायचा आणि त्यावर स्कॅरॅबचं पोट दाबायचं. कुणी उघडलं तर माती फुटणार आणि कळणार. पपायरसच्या पत्रांनाही तेच. मातीचे असे ठसे ढिगाने सापडलेत. काहींवर अधिकाऱ्याचं नाव आणि हुद्दा असतो, काहींवर नुसती वेटोळी, काहींवर जनावर.

तेव्हा मगर किंवा हरण असण्याचं सगळ्यात साधं कारण म्हणजे ठसा ओळखू यावा. रखवालदाराला वाचता येत नसेल तरी "मगरवाला शिक्का शाबूत आहे" एवढं त्याला कळतं. प्रत्येक रेषेत जादू शोधायची गरज नाही असं माझं मत.

चिंचगूळ
मातीतला यांना +१. मग स्कॅरॅबची अंगठी असायची का? सिनेमात तशी दाखवतात.

मातीतला
हो चिंचगूळ, असायची. भुंगेऱ्याला लांबीतून आरपार भोक असतं. त्यातून सोन्याची तार किंवा दांडी घालून अंगठीत बसवायचे, म्हणजे तो फिरवता यायचा. एरवी पाठ वर आणि शिक्का मारायचा तेव्हा पोट वर. नाहीतर साधी दोरी ओवून बोटाला, मनगटाला किंवा गळ्यात.

सोनचाफा
मातीतला, शिक्का म्हणून वापर होता यात वादच नाही. पण मग एकाच पद्धतीचे सिंह आणि मगरी शेकड्यांनी का सापडतात? दहा घरांत सारखाच शिक्का असेल तर ओळख कशी पटणार? आणि हिक्सोसांच्या, म्हणजे पश्चिम आशियातून आलेल्या राजांच्या काळातले बघा, साधारण इ.स.पू. १६५० ते १५५०, नाईलच्या त्रिभुज प्रदेशात अवारिसला त्यांची राजधानी होती. या काळात प्राण्यांचे स्कॅरॅब अक्षरशः उतू जातात. ते फक्त इजिप्तमध्येच नाहीत, कनानमध्ये, म्हणजे आजच्या इस्रायल-पॅलेस्टाइनच्या भागात, तिथले कारागीरही बनवायला लागले होते. जेरिको, मेगिद्दो, गाझाजवळचं तेल अल-अज्जूल, सगळीकडच्या कबरींत ते मिळालेत, त्यात बायकांच्या आणि लहान मुलांच्या कबरीही आहेत. चिमुरड्या पोराला रांजणावर शिक्का मारायचा होता का? त्याच्या आईने ते रक्षणासाठीच बांधलं असणार ना.

पेन्शनर काका
ताई, हा मुद्दा मनाला लागला. पोराच्या दंडाला ताईत बांधायचा तो त्याला काही होऊ नये म्हणूनच, मग देश कुठलाही असो.

कैरोवासी
मी कामासाठी काही वर्षं कैरोत होतो त्यामुळे राहवत नाही म्हणून लिहितो. तहरीर चौकातल्या जुन्या म्युझियममध्ये स्कॅरॅब इतके आहेत की पहिल्यांदा माणूस बधिर होतो, सगळे सारखेच दिसायला लागतात, पण एकदा का पोटाची बाजू बघायची सवय लागली की पुढे हलवत नाही. मला सगळ्यात आवडायचे ते हरणाचे. अंग इतकं कमी रेषांत काढलेलं असतं, चार पाय, एक वळलेली मान, शेजारी एक फांदी, झालं. पण ते हरण चालतंय हे कळतं.

आणि लक्सरला गेलात तर कर्नाकच्या देवळात पवित्र तलावाच्या काठावर तिसऱ्या आमेनहोतेप राजाच्या काळातला मोठा दगडी स्कॅरॅब आहे, उंच चौथऱ्यावर. पर्यटक त्याला फेऱ्या घालत असतात, कुणी तीन म्हणतं कुणी सात, लग्न ठरतं, मूल होतं असं गाइड सांगतात. ही फेऱ्यांची प्रथा प्राचीन वगैरे नाही, पर्यटनातून आलेली आहे. चौथऱ्याच्या दर्शनी भागावर राजाचं चित्र आणि लेख आहे, तो मात्र कुणीच बघत नाही याचं वाईट वाटतं.

रानवारा
कैरोवासी, तुम्ही किती फेऱ्या घातल्या ते सांगा आधी :)

कैरोवासी
बायकोने सात घातल्या, मी तिच्या चपला सांभाळल्या. संसार उत्तम चाललाय.

उजनीकर
मासा म्हणालात तो कुठला मासा?

सोनचाफा
तिलापिया. नाईलमधला.

उजनीकर
म्हणजे आमची चिलापी! उजनीच्या धरणात जाळं टाकलं की निम्मी चिलापीच येते. आमच्याकडची मोझांबिकची जात, नाईलची वेगळी, पण खोड एकच. मादी अंडी तोंडात घेऊन फिरते. पिल्लं बाहेर आली तरी जवळ राहतात आणि जरा धोका वाटला की परत आईच्या तोंडात शिरतात. लहानपणी पाण्याच्या काठावर पोटावर झोपून हे आम्ही तासन्‌तास बघायचो. मासा तोंड उघडतो आणि आतून जिवंत पोरं बाहेर येतात, ज्याने पहिल्यांदा बघितलं असेल त्याला चमत्कारच वाटला असणार.

सोनचाफा
उजनीकर, तुम्ही आख्ख्या धाग्याचं सोनं केलंत! नेमकं हेच कारण आहे. इजिप्तच्या लोकांनी तोंडातून पिल्लं सोडणारा मासा बघितला आणि गोळ्यातून आपोआप बाहेर पडणारा भुंगेरा बघितला, आणि दोन्हींत त्यांना एकच गोष्ट दिसली, की जीव आपला आपण पुन्हा जन्माला येतो. त्यातून पाठीवर भुंगेरा आणि पोटावर तिलापिया, जोडीला संध्याकाळी मिटून सकाळी उमलणारं कमळ. एवढ्याशा दगडात पुनर्जन्म तीनदा सांगितलाय. याला नुसती नक्षी कसं म्हणायचं, सांगा मातीतला.

मातीतला
माशाच्या बाबतीत मान्य. तिलापियाचं प्रकरण चित्रांत, भांड्यांवर, सगळीकडे तसंच येतं, ते पक्कं आहे. पण माशावरून हरण सिद्ध होत नाही.

कडुलिंब
मी प्राणिशास्त्र शिकवते म्हणून भुंगेऱ्याबद्दल थोडं. गोळ्यातून आपोआप जन्मतो ही समजूत फार पुढेपर्यंत टिकली, प्लुटार्क या ग्रीक लेखकाने तर लिहून ठेवलंय की या भुंगेऱ्यांत मादी नसतेच. खरं काय होतं तर जो गोळा ढकलत नेताना दिसतो तो बहुतेक खाण्यासाठी असतो. अंड्यासाठी मादी जमिनीखाली वेगळा गोळा करते, पेरूसारख्या नव्हे तर नासपतीसारख्या निमुळत्या आकाराचा, आणि त्या निमुळत्या टोकात एक अंडं. हे फ्रान्समध्ये झां-आंरी फाब्र या माणसाने वर्षानुवर्षं उन्हात बसून बघितलं आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी नीट लिहिलं.

आणि सूर्याशी त्याचं नातं खरंच आहे बरं का! गोळा सरळ रेषेत न्यायला तो सूर्याचा आधार घेतो. दक्षिण आफ्रिकेतली एक निशाचर जात तर आकाशगंगेच्या पट्ट्यावरून दिशा ठरवते, हे २०१३ मध्ये मारी डाके आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. तारांगणात नेऊन आणि डोक्यावर पुठ्ठ्याच्या टोप्या घालून प्रयोग केले.

चिंचगूळ
भुंगेऱ्याला टोपी!! हे वाचून माझा दिवस सार्थकी लागला.

गोदाकाठ
आपल्याकडे असतात का हे? आमच्या शेतावर गोठ्याच्या मागे काळे किडे शेण लोटताना बघितलेत.

कडुलिंब
असतात की. गोळा करणाऱ्या अनेक जाती भारतात आहेत. पावसाळ्याच्या सुरुवातीला माळरानावर ताजं शेण दिसलं की थोडा वेळ थांबा. फक्त जनावरांना जंताची औषधं दिलेली असतील तर काही औषधांचा अंश शेणात उतरतो आणि यांची अळी मरते, म्हणून गोठ्याजवळ कमी दिसायला लागलेत. शेण जमिनीत मुरवण्याचं केवढं काम हे किडे करतात. ऑस्ट्रेलियात गायींचं शेण उरकणारे किडे नव्हते म्हणून १९६० च्या दशकापासून बाहेरून आणून सोडले.

वाटसरू
प्राण्यांचा विषय निघालाय तर तिसऱ्या आमेनहोतेपचे मोठे स्कॅरॅब कसे विसरलात? हा चौदाव्या शतकातला राजा, इ.स.पू. १३९० च्या आसपास गादीवर आला. याने बातमीपत्रासारखे स्कॅरॅब काढले, मुठीत मावतील एवढे मोठे, पोटावर आख्खा मजकूर. त्यातला सगळ्यात जास्त सापडणारा म्हणजे सिंहांच्या शिकारीचा. राज्याच्या पहिल्या दहा वर्षांत महाराजांनी स्वतःच्या बाणांनी १०२ भयंकर सिंह मारले. याच्या शंभराहून जास्त प्रती मिळाल्यात. दुसरा रानबैलांचा, त्यात ९६ बैल. एक राणी तीयेशी लग्नाचा, एक मितान्नी या उत्तर सीरियाकडच्या राज्याची राजकन्या गिलुखेपा ३१७ बायकांचा ताफा घेऊन आली त्याचा, आणि एक तीयेसाठी खोदलेल्या तलावाचा. सूदानपासून सीरियापर्यंत पोचलेत हे.

गोदाकाठ
वाचूनच धाप लागली. दहा वर्षांत १०२ सिंह आणि वर राज्यकारभार!

सोनचाफा
वाटसरू, छान आठवण. पण यात प्राणी शब्दांत आहे, चित्रात नाही. राजाला लिहिणारे कारकून होते, त्याने आकडा लिहवून घेतला. माझा जीव अडकलाय तो नाव नसलेल्या माणसाच्या सिंहात.

पेन्शनर काका
थोडं अवांतर, सांभाळून घ्या. हे स्कॅरॅब कशाचे करतात हे शोधताना कळलं की बहुतेक स्टीएटाइटचे, म्हणजे आपलं शंखजिरं. आणि सिंधू संस्कृतीच्या मुद्रासुद्धा स्टीएटाइटच्याच, त्यांच्यावरही प्राणीच, एकशिंगी, वशिंडाचा बैल, हत्ती, गेंडा! याचा काही संबंध असेल का? कुणीतरी कुणाकडून शिकलं असेल?

रानवारा
काका, आता धागा मोहेंजोदडोला जाणार, जेवणाचे डबे बरोबर घ्या.

मातीतला
काका, प्रश्न चांगला आहे, उत्तर मात्र "दगडच तसा आहे" असं आहे. शंखजिरं इतकं मऊ की तांब्याच्या हत्याराने बारीक रेघ मारता येते आणि तुकडे उडत नाहीत. तेच भट्टीत घातलं की कडक होतं. दोन्हीकडच्या कारागिरांना हे आपापलं उमगलं. सिंधूवाले मुद्रा भाजून पांढऱ्या करायचे, इजिप्तवाले त्यावर तांब्यापासून रंग येणारी निळी-हिरवी झिलई चढवायचे. मातीत राहून झिलई उडालेली असते म्हणून म्युझियमात आज बरेचसे स्कॅरॅब पांढरट तपकिरी दिसतात, नवे असताना ते पाण्यासारखे निळे-हिरवे चमकत असणार. याशिवाय फेयॉन्सचे (झिलईदार भाजीव पदार्थ), जांभळ्या ॲमेथिस्टचे, कार्नेलियनचे, जॅस्परचे, आणि लॅपिस लाझुली या निळ्या दगडाचे, जो थेट अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून यायचा.

पेन्शनर काका
समाधान झालं. धन्यवाद.

टेम्सकाठची
लंडनहून लिहितेय. ब्रिटिश म्युझियममध्ये एक अवाढव्य स्कॅरॅब आहे, मुलं त्याच्यापुढे हमखास थबकतात, पण या धाग्यासाठी जास्त योग्य जागा म्हणजे युनिव्हर्सिटी कॉलेजचं पेट्री म्युझियम. छोटंसं, जुन्या कपाटांचं. फ्लिंडर्स पेट्री या पुरातत्त्वज्ञाने जमवलेल्या वस्तू, आणि स्कॅरॅब तर ओळीने. याच पेट्रीने १८८४-८५ मध्ये नाईलच्या त्रिभुज प्रदेशात नौक्रातिस हे ग्रीक व्यापाऱ्यांचं गाव खणलं आणि तिथे स्कॅरॅबचा कारखानाच सापडला, मातीच्या साच्यांसकट. इ.स.पू. सहाव्या शतकातला. तिथला माल भूमध्य समुद्राच्या काठाकाठाने दूरवर विकला जायचा.

मातीतला यांच्या बाजूने एक मुद्दा माझा. कारखाना लागला की घेणारा सगळा अर्थ समजून घेत असेलच असं नाही. ऱ्होड्स या ग्रीक बेटाच्या बाजारात एखाद्या बाईने "सिंह छान आहे, इजिप्तचा आहे, लाभतो म्हणतात" एवढ्यावर घेतला असेल.

सोनचाफा
टेम्सकाठची, पण "लाभतो म्हणतात" हाच तर ताईत! तिला देवाचं नाव माहीत नसेल, श्रद्धा होती ना.

वाटसरू
टेम्सकाठची यांच्या मुद्द्याला जोडून, स्कॅरॅबवरचं नाव बघून काळ ठरवता येत नाही तो याचमुळे. तिसरा थुतमोस राजा इ.स.पू. १४२५ च्या सुमारास गेला, पण त्याचं राजनाम मेनखेपेरे कोरलेले स्कॅरॅब पुढे कित्येक शतकं बनत राहिले. नावच ताईत झालं. त्याच्या नावाशेजारी सिंह किंवा नाग असला तर तो त्याच्या काळचा असेलच असं नाही.

जास्वंद
माझ्या बहिणीने लक्सरच्या एका दुकानातून "खरा, कबरीतला" म्हणून एक घेतला, पोटावर मगर आहे. खरा असेल का?

कैरोवासी
जास्वंद, खरा नसावा आणि नसलेलाच बरा. १९८३ च्या ११७ क्रमांकाच्या कायद्याने इजिप्तमध्ये पुरावस्तूंची खरेदी-विक्री बंद आहे, खरा घेऊन विमानतळावर सापडलात तर तुरुंग. नकली बनवण्याची कला लक्सरच्या पश्चिम काठावर पिढ्यान्‌पिढ्यांची आहे, जुना दिसावा म्हणून टर्कीला गिळायला घालायचे अशी गोष्ट तिथले लोक स्वतःच रंगवून सांगतात. बहिणीला सांगा, हाताने कोरलेला असेल तर ती कारागिरीही जपण्यासारखी आहे. प्रत्येक खरा स्कॅरॅब कुठल्या कबरीत, कुणाच्या हाताशी, कशाशेजारी होता हे कळलं तरच तो बोलतो. चोरून विकलेला मुका होतो.

मातीतला
कैरोवासींचं शेवटचं वाक्य फ्रेम करून लावावं. या धाग्यावर सोनचाफा आणि मी ज्यावर भांडतोय ते फक्त जागा माहीत असलेल्या स्कॅरॅबमुळे ठरवता येतं.

सोनचाफा
सगळ्यांचं वाचून मूळ प्रश्नाकडे परत येते, कारण मगरीचं अजून बोललोच नाही. मगर इजिप्तमध्ये रोजची भीती होती. धुणं धुणारी बाई, कोळी, गुरं पाण्यावर नेणारा पोरगा, कुणालाही ओढून नेणारी. आणि तीच मगर सोबेक देवही, फायूममध्ये तिचं मोठं देऊळ. हिक्सोस काळच्या स्कॅरॅबवर ससाण्याच्या डोक्याची आकृती नाग किंवा मगर हातात धरून उभी असते, कुठे सिंह मगरीच्या वर असतो. हेच पुढे हजार वर्षांनी होरस देवाच्या शिळांवर उघड दिसतं, बाल होरस मगरींवर उभा आहे आणि मुठीत साप, विंचू, सिंह आणि हरण पकडलेत. त्या शिळेवरून पाणी ओतायचं आणि विंचू चावलेल्याला प्यायला द्यायचं. मातीतला, हरण इथे आहे बघा, वाळवंटातलं बेलगाम जनावर म्हणून!

आणि मेल्यावर हृदयाचा तराजू असतो, तिथे पाप जड झालं तर हृदय खाणारी अम्मित बसलेली असते. तोंड मगरीचं, पुढचं अंग सिंहाचं, मागचं पाणघोड्याचं. आयुष्यभर ताइतावर वागवलेले तीन प्राणी शेवटी एकत्र होऊन समोर बसलेत. तिच्यापासून वाचायला छातीवर ठेवायचा तोही स्कॅरॅबच, हिरव्या दगडाचा हृदय-स्कॅरॅब, पोटावर मृतांच्या ग्रंथातला मंत्र, की हे माझ्या हृदया, माझ्याविरुद्ध साक्ष देऊ नकोस. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून नुसती बसून राहिले होते.

चिंचगूळ
काटा आला अंगावर.

मातीतला
ताई, होरसच्या शिळेतलं हरण हा मजबूत पुरावा आहे. फांदीशेजारचं शांत उभं असलेलं कनानमधलं हरण मात्र मी अजून त्यात धरणार नाही, तिथल्या स्वतःच्या देवींशी आणि झाडांशी त्याचं नातं जास्त दिसतं. ओथमार केल या स्विस अभ्यासकांनी तिथल्या शिक्क्यांवर आयुष्य घालवलं, त्यांच्या मांडणीतही हे शिक्के तिथल्या धर्माचा पुरावा म्हणून येतात. म्हणजे अर्थ आहे, पण इजिप्तचा नाही. चालेल?

सोनचाफा
पळेल! अर्थ आहे म्हणालात ना, मला तेवढंच हवं होतं.

टेम्सकाठची
शनिवारी लेकीला घेऊन पेट्रीला जाणार आहे, ती आठ वर्षांची आहे आणि हे सगळं मी तिला वाचून दाखवलंय. तिला काय शोधायला सांगू?

सोनचाफा
पाठीवर भुंगेरा नसलेले शोधायला सांगा. पोट स्कॅरॅबसारखंच पण पाठीवर मान वळवून झोपलेलं बदक, मांजर, बेडूक, मासा, आणि हेजहॉगसुद्धा असतो, काटे म्हणून पाठीवर आडव्याउभ्या रेघा. बेडूक बाळंतपणाच्या देवीचा, हेकेतचा. मांजर सापडलं तर खाली बघायला सांगा, बास्तेत देवीकडे मागितलेल्या नव्या वर्षाच्या शुभेच्छा काहींवर असतात.

टेम्सकाठची
हेजहॉग ऐकून तिने आत्ताच वही काढली. चित्रं काढून आणते म्हणतेय, टाकते इथे.

उजनीकर
चिलापी दिसली तर तीही काढायला सांगा ताई. आणि तोंड उघडं आहे का ते नीट बघा.